वॅगनमधली थरथर

५ मे २०१८, शनिवार

अकरा किलोमीटर! मोजून अकरा, आणि परत.

वाल्डाला मागे गादीवर निजवलं होतं. खाली जाड फोम, पाठीला दोन उशा. समुद्राकाठच्या एडिथबर्गपर्यंत, तिच्या माहेरी, एकशे तीस किलोमीटर. तिनं फक्त पडून राहायचं, बाकी सगळं मी बघणार होतो. चाळीसपर्यंत आमची जुनी स्टेशन वॅगन शहाण्यासारखी चालली. पंचेचाळीसला खालून थरथर सुरू झाली आणि सत्तरला तर सगळी गाडी पीठ चाळल्यासारखी हलायला लागली. आरशात बघतो तर बाईनं स्कार्फ दातांत धरलेला. "दुखतंय का गं?" — नाही म्हणून मान हलवली. पुढच्या वळणावर ओरडली. त्रेपन्न वर्षं झाली लग्नाला, असं ओरडणं मी कधी ऐकलं नव्हतं.

घरी आणून पलंगावर निजवली. डोळे मिटूनच म्हणाली, "मर्व, एक्केचाळीस वर्षं सगळ्या कडिना गावाचे ट्रॅक्टर नीट केलेस. ही एवढी थरथर घालव. मग ने मला."

घालवतो. मणक्यात गाठी झाल्यात त्यांचं मी काही करू शकत नाही. गाडीचं करू शकतो.

हे पुस्तक माझं कामाचं. कुठली गाडी, काय केलं, एवढंच लिहायचो. आज पहिल्यांदा दुसरं काही लिहिलं. असू दे. वाचणार कोण आहे?

६ मे, रविवार

क्लेम आला होता. शेजारी, जुन्या गाड्यांच्या क्लबातला, जन्मभर शाळेची बस चालवलेला. म्हणाला, "अरे मग चाळिसानं जा की! घाई कसली आहे?"

चाळिसानं सव्वातीन तास लागतात. जादा गोळी दिली की तिला दोन तास बरं असतं, त्यानंतर पुन्हा ते सुरू. हिशेब साधा आहे. दोन तासांत पोचायचं, म्हणजे सत्तर-ऐंशी हवेतच.

"मग माझी छोटी गाडी ने." तिच्यात आडवं कुठे होणार? बसता तिला येत नाही. रुग्णवाहिका दवाखान्यात नेते, समुद्रावर नाही नेत. विचारून झालंय.

क्लेम म्हणाला, "बघ बाबा, कदाचित गाडी ठीक असेल, तूच थरथरत असशील." त्याला हाकलला.

७ मे, सोमवार

पद्धतीनं जायचं. रडत बसायचं नाही.

पाण्यानं अर्धा भरलेला ग्लास मागच्या फरशीवर ठेवला, त्याच्याभोवती विटा. पास्कव्हिलच्या रस्त्यावर सत्तरला नेली आणि न्यूट्रलला टाकली. इंजिन शांत झालं, पण थरथर तशीच. म्हणजे इंजिन नव्हे. स्टिअरिंग हातात गप्प, सीट मात्र हलतेय. म्हणजे पुढचं काही नव्हे. दोष मागे आहे. ग्लासातलं पाणी बघितलं तर बारीक बारीक गोल उठतायत, थांबत नाहीत.

मागे काय काय? टायर, चाकं, ब्रेकचे ड्रम, ॲक्सल. आणि गिअरबॉक्सपासून मागच्या ॲक्सलपर्यंत जाणारा लांब प्रोपेलर शाफ्ट. शाफ्ट सोडून द्यायचा. तो मीच मार्चमध्ये उतरवला होता, दोन्ही टोकांचे क्रॉस, म्हणजे फिरते सांधे, नवे घातले, मधल्या जोडाला ग्रीस भरलं. त्याचे दोन तुकडे दात्यांनी एकमेकांत बसतात. एक दातासुद्धा इकडचा तिकडे चालत नाही. म्हणून सोडवायच्या आधी दोन्ही तुकड्यांवर पांढऱ्या रंगाची खूण करायची आणि बसवताना खुणेसमोर खूण आणायची. पंधराव्या वर्षी बापानं कान पिळून शिकवलंय. आजवर एकदाही चुकलो नाही.

टायरही मार्चमध्येच नवे घातले. कॉस्टाच्या दुकानात. तिथंच गोम आहे!

९ मे, बुधवार

कॉस्टाच्या दुकानात गेलो. पस्तिशीतला माणूस, बापानंतर दुकान तोच बघतो. चारही चाकं काढून माझ्यासमोर तोल तपासायच्या मशीनवर फिरवली. "बघा मर्व, शून्य. हे पण शून्य. हे पण."

मी म्हटलं, "मग मशीन खोटं असेल तुझं."

"मशीन महिन्यापूर्वी तपासून घेतलंय. मर्व, राग मानू नका, शाफ्ट बघितलात का? मार्चमध्ये तुम्ही—"

माझं डोकं फिरलं. म्हटलं, तू दुपट्यात होतास तेव्हापासून मी शाफ्ट चढवतोय. तुझा बाप माझ्याकडे गाडी आणायचा आणि बाजूला उभा राहून शिकायचा. दुकानात तीन गिऱ्हाइकं होती, सगळी बघत होती. कॉस्टा लाल झाला. नट आवळून किल्ली हातात दिली.

१२ मे, शनिवार

पुढची चाकं मागे, मागची पुढे. थरथर तिथंच.

१६ मे, बुधवार

क्लेमकडून त्याच्या गाडीची चारही चाकं उसनी आणली, चढवली, पास्कव्हिलला जाऊन आलो. ग्लासात तेच गोल. म्हणजे टायर नव्हेत.

कॉस्टाला सांगायला जायला हवं. जाईन.

वाल्डानं विचारलं, "काय झालं?" म्हटलं, टायर नाहीत एवढं नक्की झालं. "वा," म्हणाली, "म्हणजे आता जगात टायर सोडून सगळं उरलं." हसली आणि हसल्यावर दुखलं. तिला हसवायची नाही असं ठरवलं. पण मी कुठे हसवलं? तीच बोलते असं.

१८ मे, शुक्रवार

मॅरिसेल आली होती. दर शुक्रवारी येणारी नर्स, फिलिपिन्सची, गोड बोलते पण काही लपवत नाही. मागच्या दारात हात धुता धुता म्हणाली, "मर्वसर, कुठे न्यायचं असेल तर लवकर न्या. आता महिने मोजू नका, आठवडे मोजा."

मी म्हटलं, गाडीचं काम चालू आहे.

तिनं हात पुसले. म्हणाली, "लवकर करा."

संध्याकाळपर्यंत दोन्ही मागचे ड्रम काढून मापाचा काटा लावून तपासले. केसाइतकाही फरक नाही. नाही म्हणजे नाही!

२० मे, रविवार

दोन चमचे सूप. बस्स.

२१ मे, सोमवार

आज तिला बरं वाटत होतं म्हणून विचारलं, एडिथबर्गला जाऊन नेमकं करायचंय काय? तिथं तिचं कोणी उरलेलं नाही. घर विकलं, भाऊ गेला.

म्हणाली, "जेट्टीच्या, त्या धक्क्याच्या, पायऱ्यांवर बसायचं. पाय पाण्यात सोडायचे. बाबा वर गळानं माकुल मासे धरायचे आणि मी खाली पाय सोडून बसायचे. तीन पायऱ्या पाण्यात असायच्या. चौथीवर मी."

"जूनमध्ये, भर हिवाळ्यात, पाणी काय गार असतं ठाऊक आहे का!"

"म्हणून तर," म्हणाली. "अंगाला आता फक्त दुखणं कळतं रे. दुसरं काहीतरी कळू दे."

बाहेर शेडमध्ये जाऊन बसलो. रडलो. लिहायला लाज कसली, रडलो.

२३ मे, बुधवार

मागची बेअरिंग नवी घातली. ॲक्सलच्या तोंडाला काटा लावला, सरळ आहे. गुडघे सोलले. पास्कव्हिल. गोल.

रस्त्यावर धान्याचा ट्रक मागे लागला, हॉर्न मारत राहिला. उतरून त्याला दोन शिव्या द्याव्यात असं वाटलं. त्याची काय चूक?

२६ मे, शनिवार

आज फुटबॉलची मॅच होती. क्लेम सामना सोडून आला, हे विशेषच. मटण-बटाटा भरून भाजलेल्या दोन पेस्ट्या घेऊन आला, बायकोनं केलेल्या. आमच्या वाल्डाच्या पेस्टीला तोड नाही, पण गरम होत्या. माझ्याशेजारी गाडीखाली आडवा झाला, त्या ढेरीसकट. विजेरीनं इकडे तिकडे बघून म्हणाला, "शाफ्ट उतरव."

"शाफ्ट मी केलाय."

"म्हणून तर म्हणतोय. बाकी सगळं झालं. तू केलेलं तेवढं राहिलं."

मी म्हटलं, खूण केली होती. मला पक्कं आठवतंय, रंगाची डबी, ब्रश, सगळं. खूण करून मी चुकीचा बसवीन? मी?

"अरे तू काय देव लागून गेलास?"

मी म्हटलं, जन्मभर बस चालवलीस, बसच चालव. तो बाहेर सरकला, कपडे झटकले आणि गेला. पेस्टी तशीच राहिली, दुसरी पण. त्रेसष्ट सालापासूनचा मित्र.

२९ मे, मंगळवार

क्लेमला खोटं ठरवायला म्हणून शाफ्टचा तोल तपासला. बसवण्यात चूक नसली तरी तोल जाऊ शकतो, म्हातारा झालाय तोही. पाइपाचे दोन क्लॅम्प शाफ्टभोवती आवळायचे, गाडी पळवायची, परत यायचं, क्लॅम्प थोडे फिरवायचे, पुन्हा पळवायची. थरथर कमी झाली तर तिथं वजन हवं. आठ वेळा पास्कव्हिल. आठ वेळा गाडीखाली. आठही वेळा जशीच्या तशी.

परत आलो तर वाल्डा जागी होती, पाणी मागून मागून घसा कोरडा. मी शेडमध्येही नव्हतो. घंटी वाजवत होती म्हणे. कोणासाठी करतोय मी हे?

१ जून, शुक्रवार

उठणं बंद झालं. मॅरिसेलनं लघवीची नळी घातली, मॉर्फिन वाढवलं.

दुपारी वाल्डा म्हणाली, "राहू दे मर्व आता. नाही तर नाही. इथंच बस माझ्याजवळ."

आणि मी ओरडलो तिच्यावर! "राहू दे काय? राहू दे काय? महिनाभर मी काय गंमत करतोय?" असं ओरडलो. अंथरुणाला खिळलेल्या बाईवर. तिनं भिंतीकडे तोंड केलं. कूस वळता येत नाही, म्हणून फक्त तोंड.

मग जवळ जाऊन बसलो. हात धरला. तिनं काढून घेतला नाही.

४ जून, सोमवार

इंजिनाच्या खालचे रबर बदलले. इंजिन नाही हे माहीत असून बदलले. काहीतरी बदलायचं म्हणून.

६ जून, बुधवार

थंडी. पाऊस. काम नाही. तिच्याजवळ बसून तिला क्रॉसवर्ड वाचून दाखवलं. सात अक्षरी शब्द मला येईना, तिनं डोळे मिटूनच सांगितला.

८ जून, शुक्रवार

मॅरिसेल म्हणाली, दोन आठवडे, कदाचित तीन. मी विचारलं नव्हतं.

१० जून, रविवार

आज चमत्कार झाला म्हणायचा! सकाळी वाल्डा म्हणाली, "दुखत नाही." मी म्हटलं, कमी आहे? "नाही रे, दुखतच नाही." चेहरा सैल पडला होता, कित्येक दिवसांनी. चहा घेतला, अर्धं बिस्किट खाल्लं. वाढवलेलं औषध शेवटी लागू पडलं. मी वेड्यासारखा घरभर फिरत होतो.

म्हणाली, "आता नेशील का? या आठवड्यात?"

म्हटलं, गाडी अजून थरथरते. आता बरं वाटतंय ते पुन्हा उठवायचं का?

"मग लवकर काढ ती थरथर. या आठवड्यातच." असं दोनदा म्हणाली.

११ जून, सोमवार

राणीच्या वाढदिवसाची सुट्टी. सगळी दुकानं बंद, नवा भाग आणायला जायला जागाच नाही. दोष असू शकेल असा भागही उरला नव्हता. एक सोडून.

नऊ वाजता गाडीखाली गेलो आणि शाफ्ट उतरवला. रबरी टोपण मागे सरकवलं. ग्रीस पुसलं.

दोन खुणा. पांढऱ्या. माझ्या हातच्या. एकमेकींसमोर नाहीत. एका दात्यानं चुकलेल्या.

किती वेळ तसाच पडून होतो कोण जाणे. पाठीखाली फरशी गार पडली. काखेत कळसा आणि गावाला वळसा! गाव पण कसलं, महिनाभर पास्कव्हिलचा रस्ता घासत होतो.

मग उठून हेच पुस्तक मागे चाळलं. १४ मार्च, बुधवार. माझंच अक्षर: "वॅगन. क्रॉस दोन नवे. ग्रीस. खूण केली. चढवला. ठीक." एवढंच लिहिलंय. त्या दिवशी काय झालं ते लिहिलेलंच नाही.

त्या दिवशी खूण करून शाफ्ट सोडवला, क्रॉस बदलले, आणि फोन वाजला. हातांना ग्रीस होतं म्हणून रिसीव्हर चिंधीत धरला. ॲडलेडच्या डॉक्टरीणबाई होत्या. वाल्डा आहे का? म्हटलं मैदानावर बोल्स खेळायला गेलीय, मी नवरा, मला सांगा. त्यांनी सांगितलं. कॅन्सर मणक्यात पोचलाय. बरं होणारं नाही.

मी "बरं" म्हटलं. आभार मानले. फोन ठेवला. घरात कोणी नव्हतं, सांगायला कोणी नव्हतं, वाल्डा यायला दोन तास होते. तेव्हा मी परत गाडीखाली गेलो आणि शाफ्ट चढवला. खूण केलेली आठवते. जुळवलेली आठवत नाही. चढवलेलंच आठवत नाही.

म्हणजे तेव्हापासून थरथर आहे; गावातल्या गावात चाळिसाच्या वर नेलीच नाही म्हणून कळली नाही. मे महिन्यात पहिल्या दिवशीच कोणाचं ऐकलं असतं तर अर्ध्या तासाचं काम होतं. तेव्हा ती चार पावलं चालत होती. काठी घेऊन जेट्टीच्या पायऱ्या उतरली असती स्वतः. पाच आठवडे! तिच्याकडे होते किती, आणि मी खाल्ले किती. "मी? मी चुकीन?" — वा रे मर्व्हिन ट्रेगेन्झा. थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते.

खुणा जुळवल्या. चढवला. दोनदा बघितलं. बाहेर येऊन पुन्हा आत जाऊन तिसऱ्यांदा बघितलं.

१२ जून, मंगळवार

चाळीस. पन्नास. सत्तर. नव्वद! ग्लासातलं पाणी कपाटात ठेवल्यासारखं. रस्त्याच्या कडेला गाडी थांबवून उतरलो आणि मागचं दार उघडून त्या ग्लासाकडे बघत उभा राहिलो. एका शेतकऱ्यानं गाडी हळू करून विचारलं, "बंद पडली का हो?" म्हटलं, नाही, नीट झाली.

वाल्डाला सांगितलं. सगळं सांगितलं, फोनचं पण. फोन आला त्या दिवशी मी तिला जेवण झाल्यावर सांगितलं होतं, शांतपणे. तिला वाटलं होतं मी धीराचा आहे.

उशीवरचं तोंड माझ्याकडे वळवलं. मग म्हणाली, "बिचारा." मला वाटलं मला म्हणतेय. "कॉस्टा बिचारा," म्हणाली. "चोर सोडून संन्याशाला फाशी दिलीस. आधी जाऊन त्याची माफी माग. मग क्लेमची. मग मी येते तुझ्या गाडीत."

१३ जून, बुधवार

क्लेमकडे गेलो. दारातच म्हटलं, एका दात्यानं चुकला होता. तो म्हणाला, "आत ये, गारठा आहे." बस्स. पुन्हा विषय नाही.

कॉस्टाचं जड गेलं. दुकानात गर्दी होती, बरंच झालं, बोललो तेव्हाही गर्दीच होती. सगळ्यांसमोर म्हटलं, तुझे टायर बरोबर होते, तुझं मशीन बरोबर होतं, शाफ्ट मी चुकीचा बसवला होता, आणि तुझ्या बापाबद्दल बोललो ते बोलायला नको होतं. त्यानं चिंधीला हात पुसले. म्हणाला, "बाबा सांगायचे, मर्वच्या हाताखाली शिकलो. खरंच होतं ते. कधी नेताय बाईंना?"

"उद्या."

"निघायच्या आधी गाडी आणा. मागच्या टायरमधली हवा थोडी कमी करून देतो. मऊ जाईल. परत आल्यावर भरून घ्या."

मला कसं सुचलं नाही हे? मान हलवली आणि निघालो.

१४ जून, गुरुवार

गेलो! एडिथबर्गला गेलो आणि आलो!

क्लेमनं आणि मी चादरीच्या झोळीतून तिला गाडीत ठेवलं. वजन काय राहिलंय आता. निळा स्वेटर मागितला. लिपस्टिक मागितली! मला लावता येईना, क्लेमच्या बायकोनं लावली.

पन्नासला मी श्वास धरून बसलो. सत्तरला आरशात बघितलं. स्कार्फ गळ्यातच होता, दातांत नव्हता. "काय गं, गेली का?" — "गेली रे! लोण्यावरून चाललोय." ऐंशीला पुन्हा विचारलं. "लोणी," म्हणाली. वाटेतल्या मिनलॅटनपर्यंत पाच-सहा वेळा तरी विचारलं असेल मी, आणि दर वेळी "लोणी, मर्व, लोणी." खिडकीतून मसुराची शेतं बघत होती. हिरवी आहेत म्हणाली, यंदा लवकर उगवलीत. एकदाही कण्हली नाही. मी शिट्टी वाजवायला लागलो. कधीपासून वाजवली नव्हती.

जेट्टीवर एकच माणूस माकुल धरत होता. गळ बाजूला ठेवून धावत आला, त्यानं आणि मी तिला उचलून पायऱ्यांवर नेलं. तीन पायऱ्या पाण्यात होत्या. चौथीवर मी बसलो आणि तिला पुढ्यात घेतलं, पाठ माझ्या छातीला. बूट काढले, मोजे काढले. पाय पाण्यात सोडले. माझे पण सोडले. अरे बापरे, काय पाणी ते! माझे दात वाजायला लागले. ती खाली वाकून आपल्या पायांकडे बघत होती, पाण्यात पांढरे दिसत होते.

म्हटलं, "कसं आहे?"

जरा थांबून म्हणाली, "गार आहे."

मग बराच वेळ तशीच बसली. वारा होता. तो माणूस वरून म्हणाला, बाई आजारी पडतील हो. वाल्डा म्हणाली, "आता आणखी काय पडणार?" तो कावराबावरा झाला आणि ती हसली. हसली आणि दुखलं नाही! आणि तोंड वर करून मला म्हणाली, "छान केलंस, मर्व. गाडी छान केलीस."

परत येताना झोपली. मी ऐंशीवरून काटा हलू दिला नाही.

वाटत होतं की सगळं चुकलं, पण हे एक वेळेवर झालं. चुकून का होईना, वेळेवर झालं.

१५ जून, शुक्रवार

मॅरिसेलनं मोजे बदलायला काढले तर दोन्ही पोटऱ्यांवर हे एवढे फोड. काल परतताना मी पायाशी गरम पाण्याची पिशवी ठेवली होती, तिचे. "अहो, भाजलं तेव्हा ओरडल्या कशा नाहीत?" मॅरिसेल सुई टोचत खालून वर गेली. पावलं, गुडघे, मांड्या, पोट. छातीपर्यंत वाल्डाला काही कळत नाही, गाठींनी मणक्यातली नस दाबलीय. रविवारपासून, दुखणं थांबलं तेव्हापासून. पाय बधिर झाले तर त्याच क्षणी फोन करा असा कागद फ्रिजवर लावलाय. फोन केला असता तर ॲडलेडच्या दवाखान्यात हलवलं असतं, म्हणून वाल्डा बोलली नाही.

मॅरिसेल फोन करायला बाहेर गेली. मी विचारलं, मग सगळ्या रस्त्यानं लोणी लोणी कशाला म्हणत होतीस?

म्हणाली, "तू विचारत होतास ना रे."